हात पाहायला शिकताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

नाशिकला आलेल्या पाहुण्यांचे रामकुंड, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा पाहून झाले की परतताना त्यांच्यातले कोणीतरी घाटाच्या पायरीवर बसलेल्या हात पाहणाऱ्याजवळ रेंगाळते आणि सोबतच्यांना हळूच विचारते, "दाखवू का?" हा प्रश्न मला गेली तीस वर्षे विचारला जात आहे. पंचवटीतल्या ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथे वरच्या मजल्यावर राहणारे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ हस्तसामुद्रिकाचे जाणकार होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. त्यांच्याकडून मी हात पाहायला शिकले, पुढे शाळेत शिकवत असताना मैत्रिणींचे, शेजारणींचे आणि नातेवाइकांचे शेकडो हात पाहिले, आणि त्यातून माझे एक मत तयार झाले, जे मी नव्याने शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगते.

तळहातावर उद्याचे काही लिहिलेले नसते. तेथे कालचे असते आणि आजचे असते: माणसाने कोणते काम केले, काय सोसले, त्याचे शरीर आत्ता कसे चालले आहे. याशिवाय हात हातात घेतल्यावर समोरचा माणूस जे बोलू लागतो, ते बहुतेक वेळा रेषांपेक्षा अधिक महत्त्वाचे असते. हे मान्य करून जो शिकेल, त्याला हा विषय आयुष्यभर पुरेल. केवळ भविष्य सांगण्यासाठी शिकायचे असेल, तर मी पुढे जे क्रमाने सांगणार आहे त्यातील निम्म्या गोष्टी त्याला निरुपयोगी वाटतील.

पहिली पायरी: उजेड, वेळ आणि संमती

हात नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा, शक्यतो सकाळी, आणि खिडकीजवळ बसून, म्हणजे बारीक रेषा आणि त्वचेचा खरा रंग दिसतो. ट्यूबलाइटच्या प्रकाशात निरोगी तळहातही फिकट वाटतो आणि नवखा माणूस नको ते निष्कर्ष काढतो. जेवणानंतर लगेच, उन्हातून चालून आल्यावर किंवा धुणेभांडी करून उठल्यावर पाहिलेल्या हाताचा रंग, ऊब आणि सुरकुत्या बदललेल्या असतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. साधे भिंग जवळ असू द्यावे.

संमती हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. सासूने सुनेचा, आईने उपवर मुलीचा किंवा मालकाने नोकराचा हात पुढे करून "बघा जरा" म्हटले, तर ज्याचा हात आहे त्याला विचारावे, आणि त्याच्या चेहऱ्यावर नकार दिसला तर विषय बदलावा. हा नियम मी एका चुकीतून शिकले. ती चूक पुढे सांगितली आहे.

कोणता हात पाहावा, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. आपल्याकडील जुनी रीत पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा पाहण्याची आहे. नंतरच्या पद्धतीत ज्या हाताने माणूस लिहितो आणि काम करतो तो कमावलेला हात आणि दुसरा जन्मतः मिळालेला हात, असे मानतात. शिकणाऱ्याने दोन्ही पाहावेत, शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, कारण दोहोंमधला फरक हीच वाचण्यासारखी गोष्ट असते. कामाच्या हाताचे सांधे किंचित जाड असतात, स्नायू भरलेले असतात, आणि घट्टे असले तर बहुधा त्याच बाजूला अधिक असतात.

दुसरी पायरी: रेषा सोडून बाकी सर्व पाहा

काकांनी मला पहिले तीन महिने रेषा पाहूच दिल्या नाहीत. ते म्हणत की रेषा सगळ्यांनाच दिसतात, आधी कातडी बघायला शीक. त्या वेळी मला त्याचा राग येई; आज मी प्रत्येक शिकणाऱ्याला तीच अट घालते.

नाशिक जिल्ह्यात या अभ्यासाला जेवढी सामग्री आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. दिंडोरी किंवा निफाडच्या द्राक्षबागेत एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाच्या हाताकडे पाहिले, तर अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात कात्रीच्या मुठीने कातडी टणक झालेली आढळते. जुन्या नाशकातील तांबट आळीत ज्यांनी आयुष्यभर तांब्यापितळेच्या भांड्यांवर ठोके घातले, त्यांच्या हातोडीच्या हाताला अनामिका आणि करंगळीच्या मुळाशी घट्टे असतात, आणि भांडे फिरवणाऱ्या दुसऱ्या हाताची बोटे वेगळीच झिजलेली असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्याच्या बोटांच्या पेरांत तेल इतके मुरलेले असते की रविवारीही ते पूर्ण निघत नाही. विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईच्या बोटांवर बारीक आडव्या छेदांची एक वहीच असते. यांपैकी कोणालाही "तुम्ही कष्टाळू आहात" असे सांगायला रेषांची गरज पडत नाही, आणि असे सांगणे हे भविष्यही नव्हे. ते निरीक्षण आहे, आणि म्हणूनच ते खरे असते.

या झिजण्याचा एक परिणाम अलीकडे सर्वांच्या नजरेस आला आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांत वृद्ध माणसे, शेतमजूर आणि बांधकाम मजूर अधिक असतात, कारण सिमेंट, चुना, माती आणि वय यांनी बोटांवरच्या कडा, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या बारीक उंच रेघा, घासून सपाट केलेल्या असतात. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी विचारले होते की अंगठा उमटत नाही म्हणजे नशीब पुसले गेले का. मी त्यांचा अंगठा भिंगाखाली धरला, त्यांना तो दाखवला आणि सांगितले की पुसले गेले आहे ते चाळीस वर्षांच्या कामाने. अशा वेळी दुसरे बोट वापरून पाहता येते, आणि बोट धुऊन, पुसून, किंचित ओलसर करून पुन्हा लावता येते.

कातडीनंतर नखे पाहावीत. येथे हात पाहणारा आणि वैद्य यांची वाट काही काळ एकच असते, म्हणून येथे रेंगाळणे योग्य आहे. दोन्ही हातांच्या तर्जनीची नखे एकमेकांना पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरावीत. निरोगी माणसात नखांच्या मुळाशी पतंगाच्या आकाराची एक छोटी फट दिसते. ती फट नसेल आणि बोटांची टोके ढोलाच्या काठीसारखी फुगीर झाली असतील, तर फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या विकाराची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते. नखे मध्यभागी चमच्यासारखी खोलगट झाली असतील, तर शरीरात लोह कमी असू शकते. तळहात आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी असेल, तर रक्तक्षयाचा विचार करावा लागतो. तळहाताच्या कडा सतत लालभडक राहणे हे काही वेळा यकृताच्या दुखण्यात आढळते, पण गरोदर स्त्रियांतही ते दिसते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते. अनामिका किंवा करंगळी हळूहळू तळहाताकडे ओढली जात असेल आणि कातडीखाली दोरीसारखी गाठ लागत असेल, तर तोही डॉक्टरांना दाखवण्याचा हात आहे.

असे काही दिसले तर नवख्याने रोगाचे नाव घेऊ नये. "नखांचा आकार थोडा वेगळा दिसतो आहे, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढेच वाक्य पुरते. माझ्या मते हात पाहण्याच्या सबंध विद्येतले सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे.

तिसरी पायरी: आकार, बोटे आणि उंचवटे

तळहात चौकोनी की लांबट, बोटे टोकाशी निमुळती की पसरट, सांधे गुळगुळीत की गाठाळ, यांवरून हातांचे प्रकार पाडण्याची जी पद्धत आज मराठी पुस्तकांत सापडते, ती १८३९ मध्ये दार्पांतिन्यी या निवृत्त फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याने मांडली. त्याने सात प्रकार सांगितले होते. चौकोनी हात व्यवहारी, निमुळता हात कलावंताचा, पसरट टोकांचा हात उद्योगी माणसाचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. शिकणाऱ्याने हे प्रकार ओळखायला शिकावे, कारण त्यामुळे नजर तयार होते. पण मी पाहिलेल्या हातांत निमुळत्या बोटांचे हिशेबनीसही होते आणि जाडजूड हातांच्या उत्तम गायिकाही होत्या.

बोटांच्या लांबीबाबत एक गोष्ट मोजून पाहण्यासारखी आहे. पुरुषांमध्ये सरासरीने अनामिका तर्जनीपेक्षा जरा लांब असते आणि स्त्रियांमध्ये दोन्ही बोटे बहुधा जवळजवळ सारखी असतात. हा फरक सरासरीचा आहे, त्यामुळे एका माणसाची बोटे मोजून त्याच्याविषयी काहीही सांगता येत नाही.

उंचवट्यांना ग्रहांची नावे आहेत: तर्जनीखाली गुरू, मधल्या बोटाखाली शनी, अनामिकेखाली रवी, करंगळीखाली बुध, अंगठ्याच्या मुळाशी शुक्र आणि त्याच्या समोर, तळहाताच्या बाहेरच्या कडेला मनगटाजवळ चंद्र. शुक्राचा उंचवटा म्हणजे प्रत्यक्षात अंगठा हलवणारे स्नायू, आणि चंद्राचा उंचवटा म्हणजे करंगळी हलवणारे. "शुक्र बसला आहे, संसारात सुख नाही" असे सांगून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना कोणीतरी दुःखी करून पाठवले होते. त्यांना रात्री हाताला मुंग्या येत आणि बोटे बधिर होत. मनगटातील नस दाबली गेली की अंगठ्याच्या मुळाचे स्नायू बारीक होऊ लागतात, हे मी एका डॉक्टर भाच्याकडून ऐकले होते, म्हणून त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले. उंचवटा खरोखरच बसलेला होता. जो अर्थ सांगितला गेला तो चुकीचा होता आणि त्यात उपचाराचे कित्येक महिने वाया गेले होते.

चौथी पायरी: रेषा

आता आपला हात समोर धरा आणि हळूहळू मिटा. अंगठा तळहातावर आडवा आणला की त्याच्या मुळाभोवतीची वळणदार घडी खोल होते, ती आयुष्यरेषा. चारही बोटे मुठीत मिटली की दोन आडव्या घड्या पडतात. खालची मस्तकरेषा आणि वरची हृदयरेषा. या घड्या हाताला मिटता यावे म्हणूनच पडलेल्या असतात, जशा शर्टाच्या कोपरावर पडतात. फरक एवढाच की त्या गर्भातच, साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, उमटतात. मधल्या बोटाकडे जाणारी उभी भाग्यरेषा, अनामिकेकडे जाणारी रविरेषा आणि करंगळीकडे जाणारी बुधरेषा सर्वांच्या हातात नसतात, आणि नसल्या तरी काही बिघडत नाही.

रेषा बदलतात का? मुख्य घड्यांची जागा बदलत नाही. बारीक रेषा मात्र त्वचा कोरडी पडली, वजन घटले, हाताला सूज आली किंवा कामाचा प्रकार बदलला की दिसू लागतात आणि पुन्हा मावळतातही. ज्यांना हात बदलताना पाहायचा आहे त्यांच्यासाठी शेवटची पायरी आहे.

आयुष्यरेषा आखूड असली तर माणूस लवकर जातो का, हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. याचे उत्तर मी नेहमी एका जुन्या गोष्टीने देते. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांचे एक प्रकरण आहे, त्यात हातावरच्या रेषांचाही विचार केलेला आहे. तर्जनीपर्यंत पोहोचणाऱ्या रेषा शंभर वर्षांचे आयुष्य दाखवतात, त्याहून कमी असतील तर त्या प्रमाणात आयुष्य कमी धरावे, रेषा तुटलेल्या असतील तर झाडावरून पडण्याचे भय असते, आणि ज्याच्या हातावर पुष्कळ रेषा असतात तो निर्धन असतो, असे तेथे सांगितले आहे. आपल्या परंपरेत आयुरेषा म्हणून जी मानली गेली, ती करंगळीखालून निघून तर्जनीकडे जाणारी रेषा होय. म्हणजे आज ज्या रेषेला आपण हृदयरेषा म्हणतो आणि जिच्यावरून प्रेम व भावना सांगतो, तीच आपल्या पूर्वजांची आयुष्याची रेषा होती. अंगठ्याभोवतीच्या रेषेला ते पितृरेषा म्हणत आणि मधल्या रेषेला मातृरेषा.

काकांनी मला हे समजावले तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण एकच हात एका पद्धतीने अल्पायुषी ठरत होता आणि दुसऱ्या पद्धतीने शतायुषी. पाश्चात्त्य नावे आपल्याकडे इतकी रुळली की कोणती रेषा कुठून आली हे विचारण्याची सवयच राहिली नाही. गंमत अशी की ज्याने ही पाश्चात्त्य पद्धत जगभर लोकप्रिय केली, त्या कीरोने आपण ही विद्या कोकणातल्या एका गुरूकडे शिकल्याचे सांगितले होते. तेव्हा आयुष्यरेषा आखूड आहे असे कोणी सांगितले तर त्याला एवढेच विचारावे की तुम्ही कोणती रेषा आयुष्याची धरता, आणि का. अंगठ्याभोवतीची आखूड घडी असलेले सत्तरी-ऐंशीचे कितीतरी हात मी स्वतः हातात घेतले आहेत.

करंगळीखालच्या, हाताच्या कडेवरच्या छोट्या आडव्या रेषांना विवाहरेषा म्हणतात आणि त्यांना छेदणाऱ्या उभ्या बारीक रेषांना संततिरेषा. मूठ मिटताना कडेची कातडी दुमडते, त्यातून त्या पडतात. त्यांवरून लग्ने आणि मुले मोजणे मी पूर्णपणे सोडले आहे.

बोटांच्या टोकांवरील शंख आणि चक्र यांची गोष्ट वेगळी आहे. दहाही बोटांवर चक्रे असतील तर राजयोग, असे आपल्याकडे आजही आजी नातवंडांना सांगतात आणि मुले बोटे मोजत बसतात. गर्भाच्या बोटांच्या टोकांवर काही आठवडे छोटे उशीसारखे फुगवटे असतात. ते उंच असताना कडा उमटल्या तर चक्र होते आणि ते ओसरत आल्यावर उमटल्या तर शंखासारखा वळसा होतो. जुळ्या भावंडांचा चेहरा एक असला तरी ठसे वेगळे असतात. या ठशांचा मोठा उपयोग आपल्याच देशात सुरू झाला: १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला, आणि १८९७ मध्ये कोलकात्याला ठशांचे जगातील पहिले कार्यालय उघडले, ज्यातील वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांची मेहनत होती. चक्राने कोणी राजा झाल्याचे मला ठाऊक नाही, परंतु माणूस निश्चितपणे ओळखण्याचे काम त्याने चोख केले.

एक प्रश्न नव्या आयांकडून येतो आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. बाळाच्या तळहातावर दोन आडव्या रेषांऐवजी एकच सरळ रेष असेल तर काय समजावे? डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या हातावर अशी रेष असते, पण ती पूर्ण निरोगी असलेल्या माणसांतही शंभरात काही जणांना असतेच. केवळ त्या रेषेवरून काहीच ठरत नाही. बाळाच्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टर इतर खुणाही पाहतात. तेथे विचारावे आणि शेजारपाजारच्यांना हात दाखवत फिरू नये.

पाचवी पायरी: काय बोलावे आणि काय बोलू नये

आता ती चूक सांगते. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी कॉलेज रोडला एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला गेले असता एका बाईंनी आपल्या सुनेचा हात माझ्यापुढे केला. मी कडेच्या संततिरेषा मोजल्या आणि हसून म्हणाले, "दोन आहेत." ती मुलगी काहीच बोलली नाही. तिचे दोन गर्भपात झालेले होते हे मला नंतर कळले, आणि माझ्या त्या दोन शब्दांवरून घरात तिला महिनोन्महिने काय ऐकावे लागले तेही कळले. मी तिला भेटून क्षमा मागितली. त्या दिवसापासून मूल, मृत्यू, वैधव्य आणि घटस्फोट या चार विषयांवर मी कोणाचाही हात पाहून एक शब्द बोललेले नाही, आणि ज्यांना मी शिकवते त्यांच्याकडूनही हेच वचन घेते.

मग एवढे सगळे अचूक कसे सांगितले जाते, असे विचारणारे असतात. घाटावरच्या माणसाने मला न ओळखता माझे सगळे सांगितले, हा अनुभव खोटा नसतो, म्हणून त्याचे कारण समजून घेणे शिकणाऱ्याला आवश्यक आहे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक व्यक्तिवर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकपणाला सरासरी ५ पैकी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता. "तुम्ही वरून शांत दिसता पण आतून विचार करत राहता", "तुम्ही लोकांसाठी खूप करता पण त्याची जाण ठेवली जात नाही" ही वाक्ये आपल्यापैकी कोणाला लागू पडणार नाहीत?

त्याहून मला जवळचा वाटतो तो रे हायमन यांचा अनुभव. पुढे मानसशास्त्राचे प्राध्यापक झालेले हायमन तरुणपणी हात पाहून पैसे मिळवत आणि आपली विद्या खरी आहे असे त्यांना मनापासून वाटे. एका स्नेह्याने त्यांना सुचवले की रेषा जे सांगतात त्याच्या नेमके उलट सांगून पाहा. हायमन यांनी तसे केले, आणि लोक पूर्वीइतकेच थक्क झाले. मी हा प्रयोग वाचल्यावर दहा ओळखीच्या माणसांवर निरुपद्रवी बाबतींत करून पाहिला: बोलका की अबोल, खर्चिक की काटकसरी, एवढेच उलट सांगितले. दहांपैकी कोणीही मला अडवले नाही. त्यांतल्या दोघींनी तर उलट सांगितलेल्या गोष्टीला पुष्टी देणारे प्रसंग आपणहून सांगितले. नंतर मी त्या सर्वांना काय केले ते सांगितले. शिकणाऱ्याने निदान एकदा हा प्रयोग करावा आणि समोरच्याला लगेच खरे सांगावे, म्हणजे आपण जे वाचतो आहोत ते हातावरून येते की समोरच्याच्या डोळ्यांतून, हे त्याचे त्याला कळेल.

पत्रिकेच्या बाबतीतही अशी तपासणी महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांकडे ओळखण्यासाठी दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के होते, म्हणजे नाणे उडवून जेवढे आले असते त्याच्या आसपास.

बोलण्याचा क्रम असा ठेवावा. आधी जे दिसते तेच सांगावे: हाताची ऊब, घट्टे, जखमेचा व्रण, मुख्य रेषांची नावे. मग परंपरेत त्या रेषांचा अर्थ काय लावतात ते "असे मानतात" या शब्दांसह सांगावे. नंतर गप्प बसावे. हा गप्प बसण्याचा भाग नवख्यांना सर्वांत अवघड जातो, परंतु हात कोणीतरी दोन्ही हातांत धरून लक्षपूर्वक पाहतो आहे ही गोष्टच अनेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षे आलेली नसते. "हा व्रण कशाचा?" एवढे विचारले की त्या व्रणामागची विहीर, तो अपघात, ते बाळंतपण, तो गेलेला भाऊ सगळे बाहेर येते. तेव्हा सल्ला देऊ नये, ऐकावे.

घाटावर किंवा दुकानात हात दाखवायचा असेल तर

हौसेने दाखवायला हरकत नाही. कुडमुडे जोशी आणि पिंगळा ही आपल्या गावगाड्यातली जुनी माणसे आहेत, आणि त्यांच्या बोलण्याची लय ऐकण्यासारखी असते. पैसे किती द्यायचे ते आधी ठरवावे, आणि भविष्य ऐकताना स्वतःची माहिती देऊ नये. गळ्यातले मंगळसूत्र, हातातली फाइल, सोबत कोण आहे, एवढ्यावरूनही बरेच सांगता येते.

सावध होण्याची वेळ येते ती पुढच्या वाक्याला. हात पाहून कोणी "काळसर्प आहे" किंवा "मंगळ आहे" असे म्हणाले, तर लक्षात घ्यावे की या दोन्ही गोष्टी जन्मपत्रिकेतील ग्रहस्थितीच्या आहेत आणि हातावरून त्या ठरवण्याची रीत परंपरेतही नाही. शांती करण्यासाठी त्र्यंबकेश्वरला श्रद्धेने जाणारी माणसे मला वंदनीय आहेत, पण ती श्रद्धा घाबरवून उसनी आणलेली नसावी. नीलम, पुष्कराज किंवा पोवळे घेण्याचा आग्रह आणि ते अमुकच दुकानातून घेण्याचा सल्ला एकत्र आला, तर उठून यावे. घरी येऊन आठ दिवस थांबावे आणि मग ठरवावे. जो उपाय आठ दिवस थांबू शकत नाही, तो घेऊ नये. आपल्या अंगी अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांच्या मनात भय निर्माण करणे, किंवा न ऐकल्यास वाईट परिणाम होतील अशी धमकी देणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. आजारासाठी औषध बंद करा असे हात पाहणाऱ्याने सांगितले, तर त्याचा सल्ला मुळीच ऐकू नये.

शेवटची पायरी: ठसा घेणे

काका कापराच्या काजळीने काळ्या केलेल्या कागदावर ठसे घेत. आता शाईचा स्टॅम्पपॅड पुरतो. तळहात धुऊन पूर्ण कोरडा करावा, स्पंजच्या तुकड्याने शाईचा पातळ थर सगळीकडे सारखा लावावा, आणि टेबलावर घडी घातलेला पंचा ठेवून त्यावर कागद ठेवावा. पंचाच्या मऊपणामुळे तळहाताचा खोलगट मधला भागही कागदाला टेकतो. कडक पृष्ठभागावर नेमका तोच भाग कोरा राहतो. हात वरून सरळ ठेवावा, दुसऱ्या माणसाने बोटांवर आणि मनगटाजवळ हलके दाबावे, आणि उचलताना हात न सरकवता कागद खालून सोडवून घ्यावा. पहिले दोन ठसे बहुधा बिघडतात. शाई खोबरेल तेलाने आणि मग साबणाने निघते.

वर्षातून एकदा, घरात सर्व जण जमतात अशा दिवशी, ठसे घ्यावेत. आमच्याकडे ते दिवाळीच्या पाडव्याला घेतले जातात. माझ्या आईचे अकरा ठसे माझ्याजवळ आहेत. शेवटच्या तीन ठशांत बारीक उभ्या रेषा वाढत गेलेल्या दिसतात, कारण तिचे वजन कमी होत होते, आणि डाव्या तर्जनीवर विळीने कापल्याची तिरकी पांढरी रेघ अकराही ठशांत आहे. ठसा सुकला की कागदाच्या मागच्या बाजूला तारीख, नाव, वय, उजवा की डावा हात, आणि त्या दिवशी ते माणूस कोणते काम करून आले होते, एवढे पेन्सिलीने लिहून ठेवावे.